विश्लेषण : गोऱ्हा जोत्याला लावताना माराऐवजी धीर का द्यावा लागतो?

कपाशीच्या डवरणीत बैलाचे पाऊल ओळीबाहेर पडले की झाड मोडते. यवतमाळ जिल्ह्यात ट्रॅक्टर वाढले, तरी उभ्या पिकात डवरा चालवायला अनेक शेतकरी आजही बैलजोडीवरच विसंबून आहेत. त्यामुळे गोऱ्हा कसा शिकवला, याचा हिशेब थेट शेतात लागतो.

गोऱ्हा बिथरतो कशामुळे?

गुरांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यांना आजूबाजूचे बरेच दिसते, पण थेट पाठीमागचे दिसत नाही. म्हणून मागून अचानक आलेला माणूस, खडखडणारी साखळी किंवा मानेवर एकदम पडलेले जू गोऱ्ह्याला धोक्याचे वाटते. गुरे भीतीचा अनुभव दीर्घकाळ लक्षात ठेवतात, याकडे अमेरिकी पशुविज्ञान तज्ज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी वारंवार लक्ष वेधले आहे. पहिल्याच दिवशी जू आणि मार एकत्र आले, तर पुढे नुसते जू पाहूनही तो मागे सरतो.

शिकवण्याचे टप्पे कोणते?

गोऱ्हा साधारण अडीच-तीन वर्षांचा झाला की खरिपाची धांदल सुरू होण्याआधी शिकवणी सुरू करणे सोयीचे. आधी अंगावरून हात फिरवून माणसाची सवय, मग कासऱ्याने चालवणे, मग रिकामे जू. जोडीला जुना, शांत बैल असला की गोऱ्हा त्याच्याकडे पाहून सावरतो. त्यानंतर हलका ओंडका, रिकामी बंडी आणि शेवटी डवरा. सुरुवातीला काम थोडा वेळच घ्यावे आणि जमलेल्या गोष्टीवरच थांबावे. एखादा टप्पा जमला नाही, तर एक पायरी मागे जावे.

बक्षीस म्हणजे फक्त ढेप का?

नाही. ज्या कृतीनंतर सुख मिळते, ती कृती प्राणी पुन्हा करतो, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून मांडले. गोऱ्ह्याला ढेप, मानेवर खाजवणे हे बक्षीस आहेच. पण त्याने पाऊल टाकताच कासरा सैल सोडणे, हेही बक्षीसच. चालल्यानंतरही ओढ कायम राहिली, तर नेमके काय करायचे हे त्याला कळत नाही.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याखालील १९६५ च्या नियमांनुसार ओढकामाच्या जनावरांवर अणकुचीदार काठी वापरण्यास मनाई आहे. म्हणजे आर लावलेली तुतारीही त्यात आली. दिवसाला एकूण ९ तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग ५ तासांहून अधिक काम घेता येत नाही. तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर असताना दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावर जुंपता येत नाही. विदर्भातील उन्हाळ्यात हा नियम रोजचाच ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी राज्याचा बैलगाडा शर्यतीचा कायदा वैध ठरवला, तरी शंकरपटात क्रूरतेला मुभा मिळालेली नाही.

हट्ट की दुखणे, हे कसे ओळखावे?

शिकलेला बैल अचानक अडला, तर आधी खांदा पाहावा. सूज किंवा जखम असल्यास जू उतरवून पशुवैद्यकाला दाखवावे. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तूप लावून खांदे शेकतात, त्यामागेही वर्षभर जू पेललेल्या खांद्याची हीच जाण आहे. काम सुटल्यावर गोऱ्हा चारा खाऊ लागला, निवांत रवंथ करू लागला आणि दुसऱ्या दिवशी जू पाहून मागे हटला नाही, तर शिकवणी योग्य वाटेवर आहे असे समजावे.