दृश्य प्रोग्रॅमिंगमधील पूरक फाइली : शोध आणि भरणा

ओळीमागून ओळ आज्ञा न लिहिता पडद्यावर चौकटी मांडून त्या रेषांनी जोडणे म्हणजे दृश्य प्रोग्रॅमिंग होय. १९८६ मध्ये आलेले लॅबव्ह्यू, मिलर पकेट यांनी १९९० च्या दशकात रचलेले प्युअर डेटा आणि सायलॅबसोबत मिळणारे एक्सकॉस ही त्यातील परिचित नावे. मूळ सॉफ्टवेअरमध्ये नसलेल्या चौकटी पूरक फाइलींतून येतात. आराखड्यात मात्र अशा चौकटीचे बहुधा नावच नोंदलेले असते. फाइल कोठे आहे ते सॉफ्टवेअरने शोधायचे असते. अध्यापनात या शोधाचा उल्लेख क्वचितच होतो. त्याचे परिणाम प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी विद्यार्थ्याला भोगावे लागतात.

समजा, निपाणीच्या एखाद्या महाविद्यालयात केलेला आराखडा पेन ड्राइव्हवरून बेळगावला आणला आणि तो उघडेना. पहिले कारण पत्त्याचे असते. पूर्ण पत्ता नोंदला असेल तर त्यात मूळ संगणकाच्या ड्राइव्हचे, वापरकर्त्याचे व फोल्डरचे नाव असते आणि दुसऱ्या संगणकावर त्याला काही अर्थ उरत नाही. बेळगावचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले. निपाणीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कोणी एक ‘पी’ लिहितो, कोणी दोन. पोस्टमन ही सर्व पत्रे पोचवतो. संगणकाजवळ पोस्टमनची ही समज नाही. लिनक्सवर तर इंग्रजी लहान व मोठ्या लिपीतील अक्षरांचा फरकदेखील वेगळे नाव ठरतो, विंडोजवर सामान्यतः ठरत नाही. त्यामुळे एकीकडे चालणारा आराखडा दुसरीकडे अडतो.

यावर उपाय म्हणजे शोधाचा क्रम ठरवून देणे. प्युअर डेटा प्रथम आराखड्याचे स्वतःचे फोल्डर व आराखड्यातच ‘डिक्लेअर’ने जाहीर केलेल्या जागा पाहते, नंतर सर्वसाधारण फोल्डरांकडे वळते. हा क्रम योग्यच आहे. अनेक प्रयोगशाळांत संगणक पुन्हा सुरू होताच त्यावरील सर्व बदल पुसले जातील अशी व्यवस्था असते. तेथे विद्यार्थ्याजवळ टिकणारी जागा आराखड्याशेजारचे फोल्डर हीच.

परंतु क्रमात एक खोच आहे. एकाच नावाच्या दोन फाइली असतील तर आधी सापडलेली जिंकते आणि दुसरी मुकाट्याने झाकली जाते. त्याहून फसवी गोष्ट स्मृतीची. प्युअर डेटात संकलित पूरक घटक एकदा भरला गेला की सॉफ्टवेअर बंद होईपर्यंत त्या नावाला तोच उत्तर देतो. नंतर उघडलेल्या आराखड्याशेजारी नवी आवृत्ती असली तरी तिची दखल घेतली जात नाही. लॅबव्ह्यूमध्येही हा धोका जुना आहे : एका विद्यार्थ्याचा आराखडा उघडा असताना दुसऱ्याचा उघडला, तर दुसऱ्याला पहिल्याचाच त्याच नावाचा उपघटक जोडला जाऊ शकतो. उत्तर चुकते, पण चूक कोणाची हे आराखडा पाहून कळत नाही. एकाच संगणकावर ओळीने वीस विद्यार्थ्यांचे काम तपासणाऱ्या परीक्षकाने प्रत्येक वेळी सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू करावे, हे यासाठीच. कोणती फाइल कोठून घेतली हे सॉफ्टवेअरने स्वतःहून दाखवणे हा खरा इलाज होय.

फाइल सापडलीच नाही तर काय करावे, याबाबत प्युअर डेटाची रीत अनुकरणीय आहे. ते आराखडा नाकारत नाही. हरवलेली चौकट तुटक रेषेने काढते, तिच्यातील मजकूर जपते आणि संदेश-खिडकीत तक्रार नोंदवते. विद्यार्थ्याने काय योजले होते ते परीक्षकाला निदान वाचता येते.

संकलित फाइल सापडूनही चालत नाही, असेही होते. ३२ बिटांच्या प्रोग्रॅमसाठी केलेली फाइल ६४ बिटांच्या प्रोग्रॅममध्ये भरत नाही. विंडोजची लिनक्सवर चालत नाही. २०१६ पासून प्युअर डेटात अंतर्भूत झालेले डेकेन हे साधन पुड्याच्या नावातच आवृत्ती, कार्यप्रणाली व प्रोसेसर नोंदवते. सायलॅबचे ॲटम्स पूरक संच इंटरनेटवरून उतरवते, आणि आधी आणून ठेवलेल्या पुड्यावरूनही बसवते. इंटरनेट बेभरवशाचे असेल तेथे हा दुसरा मार्ग अधिक उपयोगी. सायलॅब विनामूल्य असून आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने त्याचा प्रसार केला आहे. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत मिळत असल्याने सीमाभागातील वर्गाला ते विशेष सोयीचे आहेत.

सुरक्षेचा मुद्दा मात्र वरील सोयीच्या विरुद्ध जातो. संकलित पूरक फाइल हा प्रोग्रॅमच असतो. शेजारच्या फोल्डरातून ती आपोआप भरली जाणे म्हणजे पेन ड्राइव्हवरील अनोळखी प्रोग्रॅम चालू देणे. म्हणून नव्या फोल्डरातील संकलित फाइल भरण्यापूर्वी सॉफ्टवेअरने एकदा विचारावे, आणि चौकटींनीच बनलेली, उघडून वाचता येणारी पूरक फाइल न विचारता घ्यावी. तसे होईपर्यंत शिक्षकाने आराखडा, त्याशेजारी पूरक फाइलींचे फोल्डर व आवृत्त्या लिहिलेली साधी मजकूर फाइल असा एकत्र संच मागावा, आणि तो परीक्षेच्या आदल्या दिवशी दुसऱ्या संगणकावर इंटरनेट बंद ठेवून उघडून घ्यावा.