देखभाल ओळखावी रात्रपाळीवरून

निवासी देखभालीत राहायची जागा, जेवणखाण आणि अंगाची शुश्रूषा या तीन गोष्टी एकत्र मिळतात. पहिल्या दोन डोळ्यांना दिसतात. माणसाचे जगणे मात्र तिसरीवर अवलंबून असते, आणि तिचा मोठा भाग रात्री, कोणी बघत नसताना चालतो. बडोद्याच्या दक्षिणेकडील मांजलपुरात हा विषय मराठी घरांच्याही जवळचा आहे. गायकवाडांच्या राज्यामुळे बडोद्यात आलेली कुटुंबे इथलीच झाली; आता मुले नोकरीसाठी परगावी किंवा परदेशी आणि घरात सत्तरी-ऐंशीची दोन माणसे, अशी घरे त्यांच्यातही आहेत.

सोय निवडण्याआधी गरज मोजावी लागते. अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी १९६३ साली मांडलेली सहा कामांची यादी त्यासाठी आजही वापरतात : अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, पलंगावरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि आपल्या हाताने जेवणे. ही कामे जमतात, पण स्वयंपाकपाणी झेपत नाही किंवा एकटेपणा सोसत नाही, अशांना वृद्धाश्रम पुरतो. गुजरातीत त्याला ‘घरडा घर’ म्हणतात. एक-दोन कामांना आधार लागत असेल, तर घरी आया ठेवून किंवा दिवसभराच्या केंद्रात सोडून भागते. अंथरुणाला खिळलेल्या, नाकातल्या नळीने अन्न घेणाऱ्या किंवा स्मृतिभ्रंश वाढलेल्या माणसाला परिचारिका असलेले शुश्रूषा केंद्रच लागते. अनेक वृद्धाश्रम हिंडत्या-फिरत्या माणसालाच प्रवेश देतात. पुढे तो अंथरुणाला खिळला तर ठेवून घेणार की नाही, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

दिव्यांगांचा हिशेब वेगळा आहे. बौद्धिक अक्षमता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची देखभाल आई-वडिलांच्या पश्चातही चालू राहावी लागते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली या दोन्हींसाठी, तसेच स्वमग्नता आणि बहुविकलांगता यांसाठी ‘समर्थ’ ही घरच्यांना विसावा देणाऱ्या निवासाची, तर ‘घरौंदा’ ही प्रौढांच्या कायम निवासाची योजना आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की आई-वडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावे लागते, आणि ते काम हयातीतच उरकलेले बरे.

खरी शुश्रूषा लहान लहान कामांची असते. जो स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, खुबे आणि टाचा या जागी हाड कातडीलगत असते. तिथे दाब राहिला की रक्त पोहोचत नाही. लाल झालेली जागा बोटाने दाबूनही पांढरी पडली नाही, तर शय्याव्रणाची सुरुवात झाली असे समजतात. हवेच्या गादीने दाब विभागला जातो, पण कूस बदलण्याचे काम चुकत नाही. माणसाला ओढून सरकवले तर कातडी सोलवटते, म्हणून खाली चादर घालून दोघांनी उचलून सरकवायचे असते. भरवताना पाठ ताठ आणि हनुवटी किंचित खाली हवी. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करू नये, नाहीतर घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. वयाबरोबर तहान मंदावते. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा मागण्याची वाट न बघता ठरावीक वेळी घोट घोट पाणी पाजावे लागते.

यात भाषेचाही वाटा आहे. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी मागे पडते आणि आईची भाषा उरते. जन्मभर बाजारात आणि कचेरीत अस्खलित गुजराती बोललेली आजी शेवटी मराठीतच पाणी मागू शकते. ‘तहान’, ‘दुखतंय’, ‘नको’, ‘शू लागली’ असे वीसेक शब्द लिहून आयाबाईंच्या हाती दिले, तरी किती तरी चिडचिड टळते.

कायद्याचा आधार मर्यादित आहे. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे, पण राज्यावर सक्ती नाही. देखभालीच्या अटीवर घर मुलांच्या नावे केले आणि अट मोडली, तर कलम २३ खाली न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द करू शकते. त्यासाठी अट दस्तात स्पष्ट लिहून घ्यावी. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून मिळणारे आयुष्मान कार्ड रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे, निवासाच्या खर्चासाठी नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत मदत क्रमांक देशभर चालतो.

अनामत भरण्यापूर्वी बाग, देव्हारा आणि जेवणाची पंगत जरूर पाहावी. पण त्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : रात्री किती माणसांमागे किती मदतनीस असतात, कूस बदलल्याची वेळ कुठे लिहिली जाते, आणि ती वही पाहायला मिळेल का. वही दाखवायला जे केंद्र कचरते, तिथे आपले माणूस ठेवू नये.