घरातला इलिप्टिकल : जोडणी आणि वापर

इलिप्टिकलवर (दुकानात त्याला क्रॉस ट्रेनरही म्हणतात) पाऊल पेडलवरून उचललं जात नाही. त्यामुळे धावताना गुडघ्याला बसणारा हादरा इथे टळतो. पण जागा निवडताना आधी वर पाहा. पेडल सर्वात उंच असताना डोकं छताला किंवा पंख्याला लागता कामा नये.

जोडताना सगळे बोल्ट आधी हातानेच अर्धवट बसवा, सांगाडा सरळ झाला की मग पान्याने आवळा. एकच बाजू आधी घट्ट केली तर दुसरीकडची छिद्रं जुळत नाहीत. काही यंत्रांत डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. जोर लावण्याआधी माहितीपुस्तिका वाचाच. खाली रबरी मॅट घाला आणि यंत्र डुगडुगत असेल तर पायाखालचे स्क्रू फिरवून समतल करा. आठवडाभराने बोल्ट पुन्हा तपासा. कुरकुर बहुतेक वेळा तिथूनच येते.

सुरुवात कमी रेझिस्टन्सवर, दहा मिनिटांची. पाठ ताठ, हँडलवर भार नको. पायाच्या बोटांना मुंग्या आल्या तर वजन टाचेकडे न्या. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. तिथवर हळूहळू पोहोचा. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.