न निघालेला मोर्चा

महिला दिनाच्या भाषणांत एक गोष्ट हमखास येते. ८ मार्च १८५७ रोजी न्यूयॉर्कमध्ये शिवणकाम करणाऱ्या बायकांनी मोर्चा काढला, पोलिसांनी तो उधळला आणि त्याची आठवण म्हणून हा दिवस. पंचाईत एवढीच की, या मोर्चाचा त्या काळातला पुरावा सापडत नाही. पंचांग पाहावे तर तो रविवार, म्हणजे कारखान्यांच्या सुट्टीचा वार. लिलियान कांदेल आणि फ्रांस्वाज पिक या फ्रेंच अभ्यासकांनी १९८२ मध्ये या कथेचा माग काढला, तो १९५५ च्या मार्चमधल्या ‘ल्युमानिते’ या कम्युनिस्ट दैनिकापाशी येऊन थांबला. शीतयुद्धाच्या दिवसांत महिला दिनाला रशियन क्रांतीहून जुने मूळ हवे होते, असा त्यांचा तर्क. मला तो पटतो.

कल्पना अमेरिकेची, हे मात्र खरे. तिथल्या समाजवादी पक्षाने २८ फेब्रुवारी १९०९ रोजी महिला दिन पाळला. पुढच्या वर्षी कोपनहेगनच्या समाजवादी महिला परिषदेत जर्मनीच्या क्लारा झेटकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सगळ्या देशांत पाळण्याचा ठराव मांडला. तारीख ठरलीच नाही. १९११ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया, डेन्मार्क, स्वित्झर्लंड इथे तो १९ मार्चला झाला. मताधिकार ही मुख्य मागणी.

आठ तारीख कायमची झाली ती रशियातल्या पेट्रोग्राडमुळे. १९१७ च्या त्या गुरुवारी (जुन्या रशियन पंचांगात २३ फेब्रुवारी) व्हिबोर्ग भागातल्या कापड गिरण्यांच्या बायका काम टाकून बाहेर पडल्या. युद्धाचे तिसरे वर्ष, पावासाठी रांगा. संप करू नका, असे पुढारी सांगत होते. बायकांनी ऐकले नाही. उलट शेजारच्या धातूच्या कारखान्यांपुढे जाऊन पुरुषांनाही बाहेर काढले. आठवड्याभरात झार पायउतार झाला. मॉस्कोच्या कम्युनिस्ट महिला परिषदेने १९२१ मध्ये हीच तारीख पक्की केली. संयुक्त राष्ट्रांचा ठराव आला १९७७ मध्ये, आणि त्यानेही देशांना सोयीचा कोणताही दिवस निवडायची मुभा ठेवली.

न झालेल्या मोर्चाची कथा आपण दरवर्षी सांगतो आणि घरचा खरा मोर्चा विसरतो, हे मला जास्त खटकते. देसाईगंजच्या (तेव्हा जिल्हा चंद्रपूर, आता गडचिरोली) पोलीस ठाण्यात मार्च १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, म्हणजे संमती, असा सूर. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. भीतीने गप्प राहणे आणि होकार देणे यांत फरक आहे, हे त्यांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला समजावून सांगावे लागले! पत्र हातोहात फिरले. ८ मार्च १९८० रोजी मुंबईसह अनेक शहरांत बायका रस्त्यावर आल्या. खटला पुन्हा उघडा, ही मागणी.

तो उघडला नाही. कायदा मात्र १९८३ मध्ये बदलला: पोलीस कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे, उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. देसाईगंजच्या मुलीला त्याचा उपयोग नव्हता; तिचे आरोपी केव्हाच सुटले होते.