लहान कारागिराने मासिकात जाहिरात द्यावी काय ?

आपल्या समाजात हाताने वस्तू घडविणारे अनेक बंधू-भगिनी आहेत. कोणी कोल्हापुरी चपला करतो, कोणी बांबूच्या टोपल्या विणतो, तर कोठे भगिनींचा बचत गट कापडी पिशव्या शिवतो. माल चोख असतो. परंतु गिऱ्हाईक दारापर्यंत येत नाही आणि मालाचा भाव व्यापारीच ठरवितो. अशा वेळी एखाद्या मासिकाचा वा दिवाळी अंकाचा प्रतिनिधी दरपत्रक घेऊन येतो आणि कारागिरापुढे प्रश्न उभा राहतो की, महिन्याभराच्या कमाईतून हे पैसे द्यावेत की न द्यावेत ? या प्रश्नाचा सोप्या भाषेत विचार करण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

जाहिरातीचे मोल परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुरते ओळखले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू झाले, तेव्हा पैसे देण्याची तयारी असूनही त्याची जाहिरात छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. त्या काळी आपल्यासाठी दारच बंद होते. आज पैसे मोजले की दार उघडते. म्हणूनच आत पाऊल टाकण्यापूर्वी हिशेब करणे हे आपले काम आहे.

हा हिशेब कसा करावा, याची दिशा तथागतांच्या उपदेशातच सापडते. अंगुत्तर निकायातील पापणिक सुत्तात यशस्वी दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत. तो डोळस असतो, म्हणजे माल केवढ्याला पडला, केवढ्याला विकला आणि हाती काय उरले हे त्याला ठाऊक असते. तो खरेदी-विक्रीत कुशल असतो. आणि तो लोकांच्या विश्वासास पात्र असतो, म्हणून त्याला भांडवल मिळते. जाहिरातीचा निर्णय याच तीन कसोट्यांवर घासून पाहावा.

पहिली कसोटी : डोळसपणा

समजा, एक जोड चपला गिऱ्हाइकाला थेट १२०० रुपयांस विकली. चामडे, तळ, दोरा व रंग यांना ५५० रुपये, स्वतःची मजुरी २५० रुपये आणि खोके व कुरियर १५० रुपये धरले, तर एकूण खर्च ९५० रुपये होतो व हाती २५० रुपये उरतात. पुष्कळ कारागीर स्वतःची मजुरी खर्चात धरतच नाहीत, ही मोठी चूक आहे. आता पाव पानाच्या जाहिरातीस ५००० रुपये लागत असतील, तर २० जोड विकले गेल्यावर जाहिरातीचा खर्च केवळ भरून निघतो. नफा एकविसाव्या जोडापासून सुरू होतो.

परंतु येथे एक खाच आहे. हे २० जोड एरवी विकले न जाणारे असले पाहिजेत. तोच जोड व्यापारी ९०० रुपयांस उचलत असेल, तर कुरियरचा खर्च वाचून ८०० रुपये खर्च होतो व १०० रुपये उरतात. कारागिराचे हात व्यापाऱ्याच्या कामानेच भरलेले असतील, तर जाहिरातीमुळे जास्त माल खपत नाही, फक्त गिऱ्हाईक बदलते. तेव्हा खरा लाभ २५० वजा १००, म्हणजे जोडीमागे १५० रुपयेच होय. मग तेच ५००० रुपये वसूल होण्यास ३४ जोड विकावे लागतात. वरील आकडे उदाहरणादाखल आहेत; प्रत्येकाने आपापले आकडे घालून ही बेरीज-वजाबाकी वहीत करावी.

दुसरी कसोटी : कुशलता

मासिकाच्या किती प्रती निघतात यापेक्षा ते कोण वाचते, हे विचारावे. हातकामाची आवड असणारे व ती किंमत देऊ शकणारे थोडे वाचक हे नुसती पाने उलटणाऱ्या असंख्य वाचकांपेक्षा अधिक उपयोगी. वेळही पाहावी. दिवाळी अंकाचे पान बरेच आधी ठरवावे लागते, आणि अंक सणाच्या तोंडावर आला तर सणापूर्वी माल पोहोचविण्यास दिवस थोडे उरतात. हाताने शिवलेली चपला घाईने होत नाही. मागणी आली व माल वेळेवर गेला नाही, तर पैसे देऊन नाव खराब केल्यासारखे होईल.

एकदाच मोठे पान घेण्यापेक्षा लहान जाहिरात दोन-तीन अंकांत देऊन अनुभव घ्यावा. जाहिरातीत वस्तूचे स्वच्छ छायाचित्र, किंमत आणि दूरध्वनी क्रमांक असावा. हल्ली छापील जाहिरात पाहून लोक मोबाईलवर आणखी छायाचित्रे मागतात, तेव्हा ती तयार ठेवावीत. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला "आमचे नाव कोठे कळले ?" असे विचारून उत्तर वहीत टिपावे. तीन अंकांनंतर वहीच निर्णय सांगेल.

चपलेच्या धंद्यात आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. गिऱ्हाइकाने कागदावर काढून पाठविलेला पायाचा आकार जपून ठेवला, तर पुढचा जोड त्याला पुन्हा जाहिरातीवाचून विकता येतो. म्हणून एका विक्रीचा नव्हे, तर गिऱ्हाईक परत येते काय, याचा हिशेब मांडावा.

तिसरी कसोटी : विश्वास

कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा घेण्यास लोक धजत नव्हते. राजर्षी शाहू महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेऊ लागले व बरोबरच्यांनाही देऊ लागले. लोकमान्यता असलेल्या माणसाने उघडपणे टाकलेला विश्वास कोणत्याही छापील पानापेक्षा मोठा असतो. आजही समाधानी गिऱ्हाइकाचा शब्द असाच उपयोगी पडतो. प्रदर्शनातील गाळ्यावर गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन पाहते, ही सोय मासिकाच्या पानावर नाही. म्हणून दोन्हींचा खर्च व विक्री शेजारी मांडून तुलना करावी.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्हे येतात. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथे अशाच घडणीच्या चपला दाखविल्या, तेव्हा प्रारंभी कोल्हापूरचे नावही घेतले नव्हते. टीका झाल्यावर कंपनीने या कलेचे ऋण मान्य केले. नाव जगभर झाले. परंतु ज्या कारागिराचा पत्ता कोणाला ठाऊक नाही, त्याच्या घरी त्या प्रसिद्धीने मागणी येत नाही. मालावर आपले नाव व पत्ता असणे ही पहिली जाहिरात होय, आणि तिला खर्च नगण्य आहे.

एकट्याला पान परवडत नसेल, तर पाच कारागिरांनी मिळून ते घ्यावे. मात्र जे नाही ते लिहू नये. फसवी जाहिरात हा सम्यक वाणीचा भंग तर आहेच, शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तो गुन्हाही ठरू शकतो.

शेवटी आपल्याच घरची एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अशा स्मरणिकांसाठी आम्ही कार्यकर्ते कारागिरांकडे जाहिराती मागतो. 'शुभेच्छुक' म्हणून दिलेले ते पैसे संस्थेच्या कार्यास दिलेले दान होय, आणि दान म्हणूनच ते घ्यावेत व द्यावेत. त्यातून धंदा वाढेल, अशी आशा आम्ही कोणास दाखवू नये. आणि ज्याची ऐपत नाही, त्याने भिडेखातर देऊ नये.

सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार वाटे सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन धंद्यासाठी व एक अडचणीच्या वेळेसाठी. जाहिरातीचा खर्च धंद्याच्या वाट्यातून करावा. अडचणीसाठी राखलेल्या वाट्याला हात लावू नये. आपल्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत एका तरी कारागिराच्या घरी बसून त्याचा हिशेब मांडून द्यावा. शिक्षणाचा समाजाला असा उपयोग झाला, तर व्यापाऱ्यापुढे भाव सांगताना त्या कारागिराचा आवाज खाली येणार नाही.

जयभीम !