चकाकी बघून टोकन देऊ नका! २,४०० मैलांवरची १९६५ ची गाडी आणि धंद्याचे चार प्रश्न



"जुनी मशीन घ्यावी का?" हा व्हिडिओ केल्यानंतर फोनवर फोन आले. कुणाला सुरतहून सेकंडहँड एम्ब्रॉयडरी मशीन घ्यायचंय, कुणाला राजकोटहून लेथ. सगळ्यांची अडचण एकच. वस्तू लांब आहे, फोटो झकास आहेत आणि विकणारा म्हणतोय, "आजच टोकन टाका."

यातला एक फोन मात्र थेट अमेरिकेतून आला. त्याचीच गोष्ट आज सांगतो. गाडी अमेरिकन आहे, पण धडा आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचा आहे.

हे गृहस्थ मूळचे सांगलीचे, आता न्यू जर्सीत एडिसनला राहतात. वहिनींचा लग्नाच्या डेकोरेशनचा छोटा व्यवसाय आहे. तिकडच्या आपल्या लग्नांत वरात जोरात निघते. नवरदेव घोड्यावर, नाहीतर उघड्या टपाच्या जुन्या गाडीत. "सर, गाडी दरवेळी दुसऱ्याची आणतो, त्यातली मलई तोच खातो. आता आपलीच घ्यायची म्हणतोय."

गाडी सापडली होती ॲरिझोनात, म्हणजे जवळजवळ २,४०० मैल लांब. १९६५ ची पाँटिअॅक जीटीओ, कन्व्हर्टिबल, लालभडक, पूर्ण रिस्टोअर केलेली. किंमत ६८,००० डॉलर. अर्धे पैसे बचतीतले, अर्धे घरावर कर्ज काढून. विकणाऱ्याला संध्याकाळपर्यंत ५,००० डॉलर टोकन हवं होतं, कारण "अजून दोन गिऱ्हाईकं रांगेत आहेत." हे वाक्य जगात सगळीकडे सारखंच असतं बघा!

मी म्हटलं, "साहेब, आज टोकन नाही. आधी चार प्रश्नांची उत्तरं आणू."

प्रश्न पहिला: नाव कागदावर आहे की फक्त बॅजवर?

इथे थोडा इतिहास सांगावा लागेल, आणि तो आपल्या उद्योजकांना आवडेल असा आहे. जनरल मोटर्समध्ये तेव्हा एक अंतर्गत नियम होता. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटिअॅकचे जॉन डिलोरिअन आणि त्यांच्या टीमने यातून पळवाट काढली. नवीन मॉडेल न काढता त्यांनी १९६४ मध्ये 'टेम्पेस्ट लेमान्स' या गाडीवर जीटीओ हे जादा पैशाचं पॅकेज म्हणून दिलं. त्यात ३८९ घन इंचांचं, म्हणजे साधारण ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या गेल्या. पुढे 'मसल कार' म्हणून जी लाट आली, तिची सुरुवात बरेच जण इथूनच मोजतात.

पण आज घेणाऱ्यासाठी यातच गोम आहे. १९६४ आणि १९६५ ची जीटीओ कागदोपत्री लेमान्सच असते. १९६५ च्या जीटीओचा व्हीआयएन, म्हणजे आपल्याकडचा चेसिस नंबर, २३७ ने सुरू होतो आणि साध्या लेमान्सचाही २३७ नेच. १९६६ पासून जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली आणि नंबर २४२ ने सुरू व्हायला लागला. म्हणजे १९६५ च्या गाडीत नंबर बघून खरी-खोटी कळतच नाही. बॅज, बॉनेट, ग्रिल सगळं बाजारात विकत मिळतं. लेमान्समध्ये येणारं ३२६ चं व्ही-८ आणि जीटीओचं ३८९ बाहेरून बघायला सारखंच. १९६५ मध्ये उघड्या टपाच्या जीटीओ बनल्या फक्त ११,३११. त्यामुळे लेमान्सची जीटीओ करून विकायचा मोह किती असेल, विचार करा.

आणखी एक गोष्ट. १७ अंकी व्हीआयएन १९८१ च्या मॉडेलपासून आले. त्यामुळे नंबर टाकून ऑनलाइन हिस्टरी रिपोर्ट काढायची सोय इतक्या जुन्या गाडीला चालत नाही.

मग खात्री कशी करायची? पाँटिअॅकसाठी 'पाँटिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस' ही सेवा आहे. नंबर आणि फी दिली की कंपनीच्या त्या काळच्या बिलिंग नोंदींची प्रत मिळते. गाडी कारखान्यातून कुठल्या पॅकेजसह निघाली ते त्यात दिसतं. मात्र नंबर विकणाऱ्याने टाइप करून पाठवलेला चालणार नाही. या गाडीत नंबरची पट्टी ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर असते. तिचा जवळून फोटो घ्यायचा आणि मालकीच्या कागदावरच्या, म्हणजे टायटलवरच्या नंबराशी अंक न् अंक जुळवायचा.

आमच्या मित्राने प्रत मागवली. उत्तर आलं: लेमान्स, ३२६ व्ही-८. जीटीओ पॅकेजचं नावही नाही.

विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मीही जीटीओ म्हणूनच घेतली होती." खरंही असेल. पण त्याच्या फसवणुकीची भरपाई आपण का करायची?

प्रश्न दुसरा: रंगाखाली काय आहे?

आता मित्र खट्टू झाला. मी म्हटलं, "थांबा, निराश होऊ नका. वरातीचं गिऱ्हाईक पैसे कशाचे देतं? जीटीओच्या कागदाचे की लाल, उघड्या, देखण्या गाडीचे? तुम्हाला लेमान्सही चालेल. फक्त भाव लेमान्सचा पाहिजे आणि गाडी आतून धड पाहिजे."

म्हणून तपासणीसाठी तिथलाच माणूस लावला. नियम लक्षात ठेवा: तपासणारा विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, त्याची फी आपण द्यायची आणि रिपोर्ट थेट आपल्याकडे यायला पाहिजे. असा माणूस शोधायला मॉडेलचे क्लब कामाला येतात. जीटीओ असोसिएशन ऑफ अमेरिका, पाँटिअॅक-ओकलंड क्लब इंटरनॅशनल अशा संस्था त्यासाठी आहेत.

त्याला तीन गोष्टी सांगितल्या.

एक, रंगाची जाडी यंत्राने मोजायची. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. पुन्हा रंगवलेल्या गाडीत तो २००-३०० भरला तर घाबरायचं कारण नाही. पण एखाद्याच जागी आकडा १,००० च्या वर उडाला, तर खाली लांबी भरलेली आहे, म्हणजे पत्रा सडलेला किंवा ठोकलेला आहे.

दोन, गाडी लिफ्टवर चढवून चेसिस बघायची. या गाडीची बॉडी वेगळ्या चेसिसवर बसते. मागच्या ॲक्सलवरून चेसिस कमानीसारखी वर जाते, तिथे चिखल आणि मीठ साठतं. "ॲरिझोनाची गाडी, कोरडी हवा, गंज नाही" असं विकणारा सांगत होता. पण गाडी आधी कुठे होती? जुन्या कागदांत मिशिगन निघालं. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात.

तीन, दाराच्या फटी बघायच्या. उघड्या टपाच्या गाडीला छताचा आधार नसतो. चेसिस कमजोर झाली की गाडी मधे बसते, दाराची फट वर आवळते आणि दार अडायला लागतं.

रिपोर्ट आला. मागच्या कमानीवर दोन्ही बाजूंनी पट्ट्या वेल्ड केलेल्या आणि त्यावर नुकताच काळा अंडरकोट मारलेला. डावं दार उचलून लावावं लागत होतं. फोटोत यातलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

प्रश्न तिसरा: माझं काम ही वस्तू करेल का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. हौशी माणूस गाडी रविवारी मोकळ्या रस्त्यावर फिरवतो. वरातीत ती ढोलाच्या मागे, भर उन्हात, माणसाच्या चालीने अर्धा-पाऊण तास चालणार. म्हणजे इंजिन तापण्याची पूर्ण तयारी! म्हणून आम्ही सांगितलं की इंजिन थंड असताना, आमच्या समोर व्हिडिओ कॉलवर सुरू करा. आधी गरम करून ठेवायचं नाही. मग ४० मिनिटं जागेवर चालू ठेवा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जात असण्याची शक्यता. आणि तापमान चढतच राहिलं, तर ही गाडी वरातीच्या कामाची नाही.

ब्रेकचंही तसंच. १९६५ च्या या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि एकच सर्किट. एका ठिकाणी गळती झाली की चारही ब्रेक गेले. संग्राहकाला 'ओरिजिनल' ब्रेक हवे असतात. तुम्ही गाडीत नवरदेव बसवणार, समोर नाचणारी माणसं. तुम्हाला पुढे डिस्क ब्रेक आणि डबल सर्किट केलेली गाडीच बरी, मग तिची 'ओरिजिनल' किंमत कमी का असेना.

प्रश्न चौथा: पैसा कुठून कुठे जाणार?

टायटल विकणाऱ्याच्याच नावावर आहे का? त्यावर कर्जाचा बोजा आहे का? हे कळल्याशिवाय एक डॉलरही नाही. पैसे थेट खात्यात नाहीत. एस्क्रोमध्ये, म्हणजे तिसऱ्या विश्वासू सेवेकडे ठेवायचे आणि गाडी-कागद हातात आले की सोडायचे. ट्रक आला की आधी फोटो, मग पोचपावतीवर सही. आणि विमा! जुन्या गाड्यांच्या ठरीव किमतीच्या पॉलिसी सहसा हौशी वापरासाठी असतात. भाडं घेऊन गाडी वापरली तर क्लेम अडकू शकतो. धंद्याचा विमा वेगळा, त्याचा हप्ता भाड्याच्या हिशोबात आधीच धरायचा.

मग काय झालं?

मित्राने गाडी सोडली. तपासणी आणि कागद मिळून ५००-६०० डॉलर गेले. "वाया गेले सर," असं तो म्हणाला. मी म्हटलं, "वाया नाही गेले. घरावरचं कर्ज वाचलं, त्याची ही फी."

चार महिन्यांनी नॉर्थ कॅरोलिनात एक लेमान्स कन्व्हर्टिबल मिळाली. विकणारा तिला लेमान्सच म्हणत होता, उगाच बॅज चिकटवलेले नव्हते. रिस्टोअर करतानाचे उघड्या पत्र्याचे फोटो, बिलं, सगळं फाइलमध्ये. ब्रेक बदललेले, रेडिएटर मोठा. यावेळी दोघं नवरा-बायको स्वतः जाऊन बघून आले. सौदा ३६,५०० ला झाला आणि घरावर कर्ज काढावं लागलं नाही. परवा पहिल्या वरातीचा व्हिडिओ आला. वहिनींनी बॉनेटवर झेंडूच्या माळा सोडल्या होत्या आणि गाडी ढोलामागे शांतपणे चालली होती. ती जीटीओ आहे का, असं एकाही वऱ्हाड्याने विचारलं नाही.

आता तुमचं होमवर्क. सुरतचं मशीन असो, राजकोटचा लेथ असो की बेकरीचा जुना ओव्हन. वहीत चार ओळी लिहा: कागद काय सांगतो? रंगाखाली काय आहे? माझं काम करेल का? पैसा कसा जाणार? चारही ओळींपुढे पुरावा आल्याशिवाय टोकन नाही. आणि "आजच द्या" म्हणणाऱ्याला हसून सांगा, "उद्या बघू!"

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा करा, पण डोळे उघडे ठेवून!