मोडाची नाचणी

कांदिवलीतल्या चारकोपमधल्या एका बचत गटाच्या खोलीत शिरलं की आधी ओल्या धान्याचा किंचित आंबूस-गोड वास येतो. दोरीला फडक्यांची गाठोडी टांगलेली असतात. रात्रभर भिजलेली नाचणी बांधून दीड दिवस झाला होता. गटातल्या एका काकूंनी एक गाठोडं सोडून मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले. तांबड्या दाण्याला केसासारखा पांढरा मोड. "याहून लांब झाला की कडवट लागतं," त्या म्हणाल्या.

पावसाळ्यात कांदिवलीत वाळवणाला ऊन कुठलं! मोड पंख्याखाली सुती चादरीवर पसरतात आणि तासातासाला हात फिरवतात. बुरशीचा संशय आला तर तेवढे मोड सरळ टाकून देतात. वाळल्यावर कोंब चोळायचे, सुपात पाखडायचं, मंद आचेवर शेकायचं. गिरणीत पहिला नंबर यांचा, गहू पडायच्या आधी. मग पीठ वस्त्रगाळ.

२०१८ साली केंद्र सरकारने ज्वारी, बाजरी, नाचणीला पौष्टिक तृणधान्यं म्हणून अधिसूचित केलं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेही भारताच्या पुढाकाराने. या कौतुकामागची कारणं खरी आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, पॉलिश केलेल्या तांदळात दहासुद्धा नाही. शिवाय कोकणातल्या वरकस जमिनीवर ती पावसाच्या पाण्यावरच येते.

पण बाळाला नुसती नाचणी दिली म्हणजे झालं, हे मला पटत नाही. बाळाचं पोट मुठीएवढं. घट्ट पेज त्याला गिळवत नाही, आणि पाणी वाढवलं तर पोट भरतं पण अंगी लागत नाही. मोडात तयार होणारं अमायलेज हे विकर स्टार्च तोडतं, म्हणून पेज पाणी न वाढवताच पातळ होते. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनी यावरच संशोधन केलं.

काकूंनी पेज अशी पातळ करून दाखवली. तांदळाची घट्ट, वाफाळती पेज, त्यात चमचाभर मोडाचं पीठ. ढवळता ढवळता चमच्याला चिकटलेली पेज धारेने पडू लागली. पाण्याचा एक थेंबही घातला नव्हता.

म्हणून अंगणवाडीसाठी मागणी नोंदवताना 'नाचणी' एवढंच न लिहिता 'मोड आणलेली नाचणी' असं लिहायला हवं. आणि आचेचंही लिहायला हवं, कारण पीठ खरपूस भाजलं तर विकर मरतं आणि पेज घट्टच राहते. मी हे बोलत होते तेवढ्यात शेगडीपाशी बसलेल्या ताईने कढईखालची आच आणखी बारीक केली.